प्राइम लेन्स

प्राइम लेन्स म्हणजे नाभीय अंतर स्थिर असलेली छायाचित्रणाची लेन्स होय. झूम लेन्समध्ये नाभीय अंतर एका मर्यादेत कमीजास्त करता येते, उदाहरणार्थ १८ ते ५५ मिमी. प्राइम लेन्सचे नाभीय अंतर मात्र ३५ मिमी, ५० मिमी, ८५ मिमी असे एकच असते. त्यामुळे चौकटीत किती दृश्य सामावावे हे ठरवण्यासाठी छायाचित्रकाराला स्वतःची जागा बदलावी लागते. या मर्यादेच्या मोबदल्यात प्राइम लेन्समध्ये सामान्यतः मोठे छिद्र, कमी वजन, साधी रचना आणि चांगली प्रतिमा मिळते.

इंग्रजीतील 'प्राइम' या शब्दाचा येथील अर्थ 'मुख्य' असा आहे. मराठीत या प्रकाराला 'स्थिर नाभीय अंतराची लेन्स' असे म्हणता येते, परंतु व्यवहारात 'प्राइम लेन्स' हाच शब्द रूढ आहे. या लेखात 'भिंग' हा शब्द काचेच्या एका घटकासाठी आणि 'लेन्स' हा शब्द अनेक भिंगे, छिद्र व नळी मिळून बनलेल्या संपूर्ण साधनासाठी वापरला आहे.

अंकीय कॅमेऱ्यासाठी प्राइम लेन्स निवडताना केवळ तिच्यावर छापलेले नाभीय अंतर पाहणे पुरेसे नसते. तीच लेन्स वेगवेगळ्या आकाराच्या संवेदकावर वेगवेगळा दृश्यकोन देते. तसेच छायाचित्रकार विषयापासून किती अंतरावर उभा राहू शकतो, यावर तिची उपयुक्तता अवलंबून असते. झूम लेन्समध्ये निवडीची चूक वलय फिरवून सुधारता येते. प्राइम लेन्समध्ये ती सोय नसते.

## इतिहास

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात सर्व लेन्सेस स्थिर नाभीय अंतराच्याच होत्या. १८३९ मध्ये दागेरोटाइप पद्धत जाहीर झाली, तेव्हा उपलब्ध लेन्सेसमधून फार कमी प्रकाश आत येत असे आणि व्यक्तिचित्रासाठी माणसाला दीर्घकाळ निश्चल बसावे लागे. १८४० मध्ये योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने व्हिएन्ना येथे गणिताच्या आधारे व्यक्तिचित्रणाची लेन्स तयार केली. फोइग्टलेंडर यांनी तिचे उत्पादन केले. या लेन्सचे छिद्र एफ/३.६ च्या आसपास होते आणि तिच्यामुळे प्रकाशनाचा काळ मोठ्या प्रमाणात घटला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या लेन्सेसचे मूळ आराखडे तयार झाले. १८९३ मध्ये डेनिस टेलर यांनी तीन भिंगांची कुक ट्रिप्लेट, १८९६ मध्ये पाउल रुडोल्फ यांनी झाइस कंपनीसाठी सहा भिंगांची प्लानार आणि १९०२ मध्ये चार भिंगांची टेसार लेन्स तयार केली. प्लानारची रचना मध्यभागी असलेल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सममित होती. मात्र काच व हवा यांच्या प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परावर्तित होत असल्याने अधिक भिंगांच्या लेन्समध्ये प्रतिमा फिकी पडत असे. १९३५ मध्ये झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेपन विकसित केले आणि हा अडथळा बराचसा दूर झाला. आजच्या बहुतेक ५० मिमी लेन्सेस प्लानारच्या आराखड्याच्या वंशातील आहेत.

१९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ३६ × २४ मिमी आकाराची चौकट आणि ५० मिमीची लेन्स यांची जोडी रूढ केली. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे बहुतांश काम ५० मिमी लेन्सने झाले आहे. १९४८ मध्ये महात्मा गांधींचे अखेरचे दिवस आणि अंत्ययात्रा यांचे त्यांनी केलेले छायाचित्रण प्रसिद्ध आहे. चित्रपटांत यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकानेही जवळजवळ सर्वत्र ५० मिमी लेन्स वापरली. स्टॅन्ली कुब्रिक यांनी 'बॅरी लिंडन' (१९७५) या चित्रपटातील मेणबत्त्यांच्या प्रकाशातील दृश्ये नासासाठी बनवलेल्या झाइसच्या ५० मिमी एफ/०.७ लेन्सने चित्रित केली.

१९५९ मध्ये ३५ मिमी फिल्मच्या स्थिर छायाचित्रणासाठी फोइग्टलेंडर झूमर ही ३६–८२ मिमीची पहिली झूम लेन्स आली. पुढे झूम लेन्सचा दर्जा वाढत गेला आणि अंकीय कॅमेऱ्यासोबत १८–५५ मिमीसारखी झूम लेन्स देण्याची प्रथा पडली. पूर्वी कॅमेऱ्याबरोबर ५० मिमीची प्राइम लेन्स मिळत असे. आता ती बहुधा वेगळी निवडून घ्यावी लागते.

## मूलभूत संज्ञा

### नाभीय अंतर व दृश्यकोन

नाभीय अंतर जितके कमी, तितका दृश्यकोन मोठा. परंतु दृश्यकोन संवेदकाच्या आकारावरही अवलंबून असतो. लेन्स वर्तुळाकार प्रतिमा तयार करते आणि संवेदक तिच्यातील एक आयत टिपतो. संवेदक लहान असल्यास तो त्याच प्रतिमेचा मधला भागच घेतो आणि दृश्यकोन अरुंद होतो.

सध्या तीन आकारांचे संवेदक अधिक प्रचलित आहेत: ३६ × २४ मिमीचा फुल फ्रेम, सुमारे २३.५ × १५.६ मिमीचा एपीएस-सी आणि १७.३ × १३ मिमीचा मायक्रो फोर थर्ड्स. कॅननचा एपीएस-सी संवेदक किंचित लहान, सुमारे २२.३ × १४.९ मिमीचा असतो. फुल फ्रेमच्या तुलनेत दृश्यकोन सांगण्यासाठी नाभीय अंतराला अनुक्रमे १, १.५ (कॅननसाठी १.६) आणि २ या गुणकाने गुणतात. या गुणकाला 'क्रॉप फॅक्टर' म्हणतात. त्यानुसार एपीएस-सी कॅमेऱ्यावरील ५० मिमी लेन्स फुल फ्रेमवरील ७५ मिमी लेन्सइतका दृश्यकोन देते. लेन्सचे स्वतःचे नाभीय अंतर मात्र बदलत नाही.

कर्णाच्या दिशेने मोजलेले अंदाजे दृश्यकोन पुढीलप्रमाणे आहेत:

| नाभीय अंतर | फुल फ्रेम | एपीएस-सी | मायक्रो फोर थर्ड्स |
|---|---|---|---|
| २४ मिमी | ८४° | ६१° | ४८° |
| ३५ मिमी | ६३° | ४४° | ३४° |
| ५० मिमी | ४७° | ३२° | २४° |
| ८५ मिमी | २९° | १९° | १४° |
| १३५ मिमी | १८° | १२° | ९° |

### छिद्र व एफ-अंक

नाभीय अंतराला छिद्राच्या दृश्य व्यासाने भागले असता एफ-अंक मिळतो. ५० मिमी एफ/१.८ लेन्सच्या पूर्ण उघडलेल्या छिद्राचा व्यास सुमारे २८ मिमी, तर एफ/१.४ लेन्सचा सुमारे ३६ मिमी असतो. आत येणारा प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. म्हणून १, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या मालिकेतील प्रत्येक पुढच्या अंकाला प्रकाश निम्मा होतो.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूम लेन्सचे छिद्र ५५ मिमीवर बहुधा एफ/५.६ असते. त्याच्याशी तुलना केल्यास एफ/१.८ लेन्स जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. नाट्यगृहातील ज्या प्रवेशासाठी झूम लेन्सला १/३० सेकंद लागतो, तो एफ/१.८ ला सुमारे १/३०० सेकंदात टिपता येतो. १/३० सेकंदात हालणारा हात अस्पष्ट उमटतो. १/३०० सेकंदात तो बहुधा स्पष्ट येतो. कंपनरोधक यंत्रणा छायाचित्रकाराच्या हाताचा थरार कमी करते, परंतु विषयाची हालचाल थांबवू शकत नाही. त्यामुळे कमी प्रकाशातील हालत्या विषयासाठी मोठ्या छिद्राला तिचा पर्याय नाही.

### स्पष्टतेची खोली

ज्या अंतराच्या पट्ट्यातील वस्तू चित्रात स्पष्ट दिसतात, त्या पट्ट्याला 'डेप्थ ऑफ फील्ड' किंवा स्पष्टतेची खोली म्हणतात. छिद्र मोठे केल्यास, विषयाजवळ गेल्यास किंवा त्याच अंतरावरून अधिक नाभीय अंतराची लेन्स वापरल्यास ही खोली घटते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने २ मीटरवरील व्यक्तीचे चित्र घेताना एफ/१.८ ला ही खोली सुमारे ६ सेंमी, तर एफ/४ ला सुमारे १३ सेंमी असते. पहिल्या स्थितीत चेहरा किंचित वळलेला असेल, तर एक डोळा स्पष्ट आणि कान अस्पष्ट येतो. दोन व्यक्ती पुढेमागे उभ्या असतील, तर त्यांपैकी एकच स्पष्ट येते.

अस्पष्ट पार्श्वभूमीच्या स्वरूपाला 'बोके' म्हणतात. हा शब्द मूळ जपानी आहे. पार्श्वभूमी किती अस्पष्ट आहे यापेक्षा ती अस्पष्टता कशी दिसते, म्हणजे दिव्यांचे ठिपके मऊ आहेत की कडांना ठळक, याला या संज्ञेत महत्त्व आहे.

### यथार्थदर्शन

जवळच्या व दूरच्या वस्तूंच्या आकारांचे परस्परप्रमाण, म्हणजेच यथार्थदर्शन, नाभीय अंतरावर नव्हे तर कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचे अंतर सुमारे १२ सेंमी धरले, तर ५० सेंमीवरून घेतलेल्या चित्रात नाक कानाच्या तुलनेत सुमारे २४ टक्के मोठे उमटते. २ मीटरवरून हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. विस्तृत कोनाची लेन्स चेहरा विद्रूप करते, असे म्हटले जाते. वास्तविक त्या लेन्सने चेहरा चौकटीत मोठा घेण्यासाठी छायाचित्रकार फार जवळ जातो आणि त्या जवळिकीमुळे चेहरा तसा दिसतो.

## रचना व प्रतिमेचा दर्जा

एका भिंगाने तयार केलेल्या प्रतिमेत अनेक दोष असतात. निरनिराळ्या रंगांचा प्रकाश निरनिराळ्या ठिकाणी एकत्र येतो (वर्णविपथन), कडेचे व मधले किरण एका बिंदूत मिळत नाहीत (गोलीय विपथन), सरळ रेषा वाकतात (विरूपण) आणि कोपरे काळवंडतात. विविध काचांची बहिर्गोल व अंतर्गोल भिंगे एकत्र बसवून हे दोष परस्परांत नाहीसे केले जातात. प्राइम लेन्समध्ये ही जुळणी एकाच नाभीय अंतरासाठी करावी लागते. झूम लेन्समध्ये भिंगांचे गट पुढेमागे सरकत असताना प्रत्येक स्थितीत ती टिकवावी लागते. यामुळे सारख्या दर्जाची प्रतिमा प्राइम लेन्समध्ये कमी भिंगांनी आणि कमी खर्चात साधता येते.

बहुतेक लेन्सेस पूर्ण उघडलेल्या छिद्रापेक्षा ते एकदोन टप्पे लहान केल्यावर अधिक स्पष्ट प्रतिमा देतात. छिद्र फार लहान केल्यास मात्र प्रकाशाच्या विवर्तनामुळे स्पष्टता पुन्हा घटते. एपीएस-सी संवेदकावर साधारण एफ/११ च्या पुढे हा परिणाम जाणवू लागतो.

## प्रकार

* विस्तृत कोनाच्या लेन्सेस: फुल फ्रेमवर ३५ मिमी व त्याहून कमी. वास्तू, निसर्गदृश्ये, अरुंद खोल्या आणि गर्दीतील प्रसंग यांसाठी उपयुक्त. माशाच्या डोळ्यासारख्या 'फिशआय' लेन्सेस सुमारे १८०° दृश्य घेतात आणि सरळ रेषा वक्र दाखवतात.
* सामान्य लेन्सेस: नाभीय अंतर संवेदकाच्या कर्णाच्या जवळपास असलेल्या. फुल फ्रेमचा कर्ण सुमारे ४३ मिमी, एपीएस-सीचा सुमारे २८ मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्सचा सुमारे २२ मिमी असतो. व्यवहारात अनुक्रमे ५०, ३५ आणि २५ मिमी लेन्सेस या वर्गात धरल्या जातात.
* लहान टेलिफोटो लेन्सेस: फुल फ्रेमवर ८५ ते १३५ मिमी. व्यक्तिचित्रे व रंगमंचीय प्रयोग यांसाठी वापरतात.
* टेलिफोटो लेन्सेस: ३०० मिमी व त्यापुढील. पक्षी, वन्यजीव व मैदानी खेळ यांसाठी उपयुक्त. मोठ्या छिद्राच्या लेन्सेस अतिशय वजनदार व महाग असतात.
* मॅक्रो लेन्सेस: विषयाची प्रतिमा संवेदकावर मूळ आकारात, म्हणजे १:१ प्रमाणात, उमटवू शकणाऱ्या. फुले, कीटक, नाणी व दागिने यांसाठी वापरतात.
* विशेष लेन्सेस: उंच इमारतींच्या रेषा सरळ ठेवण्यासाठी सरकवता व कलवता येणाऱ्या टिल्ट-शिफ्ट लेन्सेस, तसेच अतिशय चपट्या 'पॅनकेक' लेन्सेस.

## निवडीचे निकष

### उपलब्ध अंतर

लेन्सची निवड करताना 'कोणते नाभीय अंतर चांगले' या प्रश्नाआधी 'मागे सरकायला जागा किती' हा प्रश्न येतो. नेहमीच्या अंतरांसाठी पुढील सूत्र पुरेसे अचूक ठरते:

दृश्याची लांबी = संवेदकाच्या त्या बाजूची लांबी × विषयाचे अंतर ÷ नाभीय अंतर

उभ्या माणसाचे पूर्ण चित्र घेण्यासाठी डोक्यावर व पायाखाली थोडी जागा धरून सुमारे २ मीटर उंचीचे दृश्य लागते. कॅमेरा उभा धरल्यास संवेदकाची लांब बाजू उंचीच्या दिशेने येते. या स्थितीत विषयापासून आवश्यक अंतर असे येते:

| लेन्स | एपीएस-सी | फुल फ्रेम |
|---|---|---|
| २४ मिमी | २.० मी | १.३ मी |
| ३५ मिमी | ३.० मी | १.९ मी |
| ५० मिमी | ४.३ मी | २.८ मी |
| ८५ मिमी | ७.२ मी | ४.७ मी |

शहरी सदनिकेतील १० × १२ फुटांची खोली सुमारे ३ × ३.६५ मीटरची असते. भिंतीला पाठ लावली, तरी छायाचित्रकार, कॅमेरा आणि सामानसुमान यांनी त्यातील काही जागा व्यापलेली असते. अशा खोलीत एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने उभ्या व्यक्तीचे पूर्ण चित्र घेता येत नाही. ३५ मिमीने ते जेमतेम घेता येते आणि २४ मिमीने सहज घेता येते. पाच जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि दृश्याची रुंदी ३ मीटर धरली, तर आडव्या धरलेल्या एपीएस-सी कॅमेऱ्याला ३५ मिमीसाठी सुमारे ४.५ मीटर, तर २४ मिमीसाठी सुमारे ३.१ मीटर अंतर लागते.

५० मिमी एफ/१.८ ही अनेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सेसपैकी एक असल्याने नवखे छायाचित्रकार पहिली प्राइम लेन्स म्हणून तीच घेतात. फुल फ्रेमवर ती सामान्य लेन्स असते, पण एपीएस-सीवर लहान टेलिफोटो ठरते. घरातील बारसे, वाढदिवस किंवा गणपतीची आरास टिपण्यासाठी घेतलेली ही लेन्स घरातच अपुरी पडते. अंगणात किंवा सभागृहात व्यक्तिचित्रांसाठी मात्र ती उत्तम काम देते. दोन्ही ठिकाणी लेन्स तीच असते. बदलते ते उपलब्ध अंतर.

### आधीच्या छायाचित्रांचा आधार

ज्याच्याकडे झूम लेन्स आहे, त्याला स्वतःच्या गरजेचा अंदाज घेणे सोपे असते. अंकीय छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोणत्या नाभीय अंतरावर घेतले याची नोंद असते. आवडलेल्या शंभर-दोनशे छायाचित्रांतील या नोंदी पाहिल्यास बहुधा एखाद्या अंकाभोवती गर्दी दिसते. झूमचे वलय त्या अंकावर चिकटपट्टीने पक्के करून आठवडाभर काम केल्यास खरेदीपूर्वीच त्या नाभीय अंतराच्या सोयी व अडचणी कळतात. मात्र नोंदींमध्ये झूमच्या दोन्ही टोकांचे आकडे अधिक आढळतात, कारण त्याहून पुढे वलय फिरत नाही. १८ मिमीच्या नोंदी खूप असतील, तर गरज कदाचित त्याहूनही विस्तृत कोनाची असू शकते.

### छिद्राची निवड

एकाच नाभीय अंतराच्या एफ/१.८, एफ/१.४ आणि एफ/१.२ अशा लेन्सेस उपलब्ध असतात. एफ/१.४ मधून एफ/१.८ च्या सुमारे १.६५ पट, म्हणजे एका टप्प्यापेक्षाही कमी, अधिक प्रकाश येतो. किंमत व वजन यांत मात्र बऱ्याचदा याहून मोठी वाढ होते. एफ/१.४ ला स्पष्टतेची खोली इतकी कमी असते की समूहचित्रात तिचा उपयोग होत नाही. निसर्गदृश्ये व वास्तू यांचे चित्रण बहुधा एफ/८ च्या आसपास होते. तेथे मोठ्या छिद्रासाठी दिलेली जादा किंमत फारशी उपयोगी पडत नाही.

लहान संवेदकावर प्रकाशनाच्या दृष्टीने एफ/१.८ हा एफ/१.८ च राहतो. मात्र एपीएस-सीवरील ५० मिमी एफ/१.८ लेन्सने घेतलेल्या चित्रातील पार्श्वभूमी फुल फ्रेमवरील ७५ मिमी एफ/२.७ लेन्सच्या चित्रासारखी दिसते.

### माउंट व ऑटोफोकस

लेन्स कॅमेऱ्याला ज्या जोडणीने बसते तिला माउंट म्हणतात. निकॉनचा एफ (१९५९) व झेड (२०१८), कॅननचा ईएफ (१९८७) व आरएफ (२०१८), सोनीचा ई (२०१०) आणि फुजिफिल्मचा एक्स (२०१२) हे माउंट परस्परांशी जुळत नाहीत. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात माउंटपासून संवेदकापर्यंतचे अंतर अधिक असते: निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी, कॅनन ईएफमध्ये ४४ मिमी. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात ते बरेच कमी असते: सोनी ईमध्ये १८ मिमी, निकॉन झेडमध्ये १६ मिमी. हा फरक जोडनळीने भरून काढून जुन्या लेन्सेस नव्या कॅमेऱ्यांवर बसवता येतात. उलट दिशेने हे सहसा शक्य होत नाही.

लेन्स बसली म्हणजे तिची सर्व कार्ये चालतात असे नाही. निकॉनच्या जुन्या 'डी' प्रकारच्या ऑटोफोकस लेन्सेसमध्ये स्वतःची मोटर नसते. डी३५०० किंवा डी५६०० यांसारख्या कॅमेऱ्यांतही ती नसल्याने तेथे वलय हाताने फिरवूनच फोकस करावा लागतो. त्याचप्रमाणे एपीएस-सीसाठी बनवलेल्या लेन्सचे प्रतिमावर्तुळ लहान असते. फुल फ्रेमवर ती वापरल्यास कोपरे काळे येतात किंवा कॅमेरा संवेदकाचा मधला भागच वापरतो. पुढे कॅमेरा बदलण्याचा विचार असल्यास ही बाब आधीच पाहणे हिताचे असते.

### मॅक्रो लेन्समधील कार्यांतर

मॅक्रो लेन्सेस साधारण ५० ते २०० मिमी नाभीय अंतराच्या असतात आणि त्यांपैकी बहुतेक १:१ प्रतिमा देतात. त्यांतील व्यवहारातला मोठा फरक लेन्सच्या टोकापासून विषयापर्यंतच्या अंतराचा असतो. १०० मिमी मॅक्रो लेन्समध्ये १:१ ला संवेदकापासून विषयापर्यंत सुमारे ३० सेंमी अंतर असले, तरी लेन्सच्या टोकापुढे त्यातील निम्म्याहून कमीच उरते. ५० किंवा ६० मिमी लेन्समध्ये ते काही सेंटिमीटर इतकेच असते. त्यामुळे फुलपाखरू उडून जाते किंवा लेन्सची सावली विषयावर पडते. साताऱ्याजवळील कास पठारासारख्या ठिकाणी फुलांच्या ताटव्यात पाऊल न टाकता वाटेवरूनच छायाचित्रण करणे अपेक्षित असते. तेथे अधिक नाभीय अंतराची मॅक्रो लेन्स छायाचित्रकाराच्या व फुलांच्याही सोयीची ठरते.

## मर्यादा

प्राइम लेन्सचा वापर करताना लेन्सेस वारंवार बदलाव्या लागतात. वारीचा रस्ता, मिरवणूक किंवा लग्नाचा मांडव अशा ठिकाणी त्यामुळे क्षण निसटतो आणि धूळ संवेदकावर बसण्याचा धोका वाढतो. ज्या घटना पुन्हा घडत नाहीत आणि जेथे छायाचित्रकाराला जागा बदलता येत नाही, तेथे झूम लेन्स अधिक विश्वासार्ह असते. अनेक व्यावसायिक छायाचित्रकार एका कॅमेऱ्यावर झूम आणि दुसऱ्यावर प्राइम लेन्स ठेवून काम करतात.

तीन-चार प्राइम लेन्सेसचे एकत्रित वजन व किंमत एका चांगल्या झूम लेन्सपेक्षा जास्त होऊ शकते. प्राइम लेन्सचा हलकेपणाचा लाभ एकदोन लेन्सेसपुरता मर्यादित ठेवल्यासच मिळतो.

## प्रचलित समज

'प्राइम लेन्स नेहमीच अधिक स्पष्ट असते' हा समज पूर्णतः खरा नाही. आधुनिक महागड्या झूम लेन्सेस जुन्या किंवा स्वस्त प्राइम लेन्सेसची बरोबरी करतात, कधी त्यांहून सरस ठरतात. छिद्राच्या बाबतीत मात्र प्राइम लेन्स सहसा पुढे असते, एफ/२.८ ची झूम लेन्स व्यावसायिक दर्जाची मानली जाते, तर एफ/१.८ ही प्राइम लेन्ससाठी साधी गोष्ट आहे.

'५० मिमी लेन्स डोळ्याप्रमाणे पाहते' हे विधानही सावधपणे घ्यावे लागते. छायाचित्रातील यथार्थदर्शन नैसर्गिक वाटण्यासाठी ते विशिष्ट अंतरावरून पाहावे लागते. हे अंतर नाभीय अंतराला छपाईतील वर्धनाने गुणून मिळते. ३६ × २४ मिमीच्या चौकटीची आठ पटींनी मोठी, म्हणजे जवळजवळ १२ × ८ इंचांची प्रत काढली, तर ५० मिमीसाठी हे अंतर ४० सेंमी येते. हातात धरलेले छायाचित्र माणूस साधारण याच अंतरावरून पाहतो. ५० मिमीच्या 'नैसर्गिक' भासाचे हे एक कारण आहे आणि ते डोळ्याच्या रचनेपेक्षा पाहण्याच्या सवयीशी अधिक निगडित आहे.

'पायांनी चालणे म्हणजेच झूम' असेही म्हटले जाते. पुढे सरकल्याने विषय चौकटीत मोठा दिसतो हे खरे. परंतु त्याबरोबर पार्श्वभूमीशी असलेले त्याचे प्रमाणही बदलते. झूम लेन्स जागेवरून फिरवल्यास हे प्रमाण बदलत नाही, फक्त चौकट लहानमोठी होते. म्हणून या दोन क्रिया एकमेकींचा पर्याय नाहीत.

## देखभाल

दमट हवेत भिंगांवर बुरशी वाढते. कोकण, मुंबई व गोवा येथे पावसाळ्यात हा धोका विशेष असतो. बुरशीचे धागे प्रतिमेची तीव्रता कमी करतात आणि दीर्घकाळ राहिल्यास लेपनाची हानी करतात. लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत महिनोन्‌महिने बंद ठेवण्याऐवजी सिलिका जेलसह हवाबंद डब्यात किंवा ४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता राखणाऱ्या कपाटात ठेवणे योग्य असते. सिलिका जेल ओलावा शोषून निकामी झाल्यावर तापवून पुन्हा वापरता येते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत जाताना भिंगांवर दव धरते. लेन्स काही वेळ पिशवीतच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ दिल्यास हे टळते.

वापरलेली लेन्स विकत घेताना तिच्यातून आरपार प्रकाश पाडून बुरशी, धुके व ओरखडे तपासतात, छिद्राच्या पाकळ्या तेलकट नाहीत याची खात्री करतात आणि प्रत्यक्ष कॅमेऱ्यावर बसवून जवळच्या व दूरच्या विषयावर फोकस जुळतो की नाही हे पाहतात. प्राइम लेन्समध्ये हलणारे भाग कमी असल्याने सुस्थितीतील जुनी लेन्सही दीर्घकाळ काम देते.

## हे सुद्धा पहा

* छायाचित्रण
* कॅमेरा
* भिंग
* झूम लेन्स
* यथार्थदर्शन